सनरूफ आणि वडखळ

हिवाळा आला की पेण-रोह्यात थंडीआधी गाड्यांवरची मतं पडू लागतात. पोपटीचं मडकं शिजेपर्यंत शेकोटीभोवती बसलेला प्रत्येकजण वाहनतज्ज्ञ असतो. एकाला ग्राउंड क्लिअरन्स हवा, दुसऱ्याला सहा एअरबॅगा, तिसऱ्याला सनरूफ. सनरूफचं समजू शकतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेले खड्डे हिवाळ्यात धूळ होऊन वर येतात, त्यांना आत यायला वाट नको का?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी हौसेने घेतलेल्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपायची वेळ आली, तरी 'काम चालू आहे'चा फलक अजून टवटवीत!

जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे असतात. आपल्याकडे बर्फ नाही. पण नाताळच्या सुट्टीत अलिबागला निघालेली अख्खी मुंबई वडखळला गोठते. तिथे दोनशे अश्वशक्तीची एसयूव्ही आणि चिक्कीवाला यांच्यात चिक्कीवालाच पुढे जातो. मायलेजवरचे वाद तिथे आपोआप मिटतात.

दिव्याहून पेणमार्गे रोह्याला रेल्वे येते, हे मात्र शेकोटीपाशी बोलायचं नाही. त्या गाडीचा हप्ता भरावा लागत नाही. मग तिच्याबद्दल मत तरी काय असणार?