गुडघ्याने मोजलेला रस्ता

गल्लीत चुन्याची फक्की मारलेली दिसली की आमच्याकडची शहाणी माणसं त्याच संध्याकाळी आपापल्या दुचाक्या कोपऱ्यावर नेऊन लावतात. फक्की म्हणजे खोदाईचा मुहूर्त. गेल्या उन्हाळ्यात ती तीनदा पडली. आधी पाण्याची लाइन, मग केबल, मग ड्रेनेज. तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळी माणसं आणून, नेमकी एकच जागा खणली. एवढी चिकाटी पुरातत्त्ववाल्यांकडेही नसेल. खणून झालं की वर मुरूम, मुरमावर डांबराची चिकटपट्टी, आणि पहिल्या पावसात तिथे तळं.

शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. प्रत्येक खड्ड्याच्या काठावर ते मागे हात बांधून उभे असतात.

“वरचं डांबर म्हणजे रस्ता नव्हे हो,” ते मला म्हणाले, “तो नुसता अंगरखा. खरा रस्ता खाली आहे.”

मी वाकून पाहिलं. पाण्याची नळी, तिला खेटून सांडपाण्याची, वरून विजेची केबल, मधूनच टेलिफोनची एक जुनी तार, जिचा वाली बहुधा उरलेला नाही. शहरातली एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणतात. जमिनीखाली ती शाबूत आहे. कुणाचं कुणाशी पटत नाही, पण वेगळंही निघता येत नाही.

यावर उपाय काय, तर रस्ता नव्याने करतानाच पुढच्या केबलींसाठी कडेने रिकामे पाइप टाकून ठेवायचे. त्यांना डक्ट म्हणतात. उद्या कुणाला केबल टाकायची असेल त्याने एका चेंबरमधून सरकवावी, दुसऱ्यातून ओढून घ्यावी. कुदळ नको, फक्की नको. इतकी सोपी गोष्ट सगळीकडे का होत नाही, असं मी विचारलं. इंजिनिअर हसले. “दिसत नाही ना! पुरलेल्या पाइपापुढे नारळ कोण फोडणार?”

रस्त्याचा विषय निघाला आणि पुणेकराने जंगली महाराज रस्त्याचं नाव काढलं नाही, असं होत नाही. १९७६ साली तो झाला. रेकॉन्डो नावाच्या, पारशी बंधूंच्या कंपनीने तो केला आणि दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी लेखी हमी दिली. दहा वर्षं सरली, हमी संपली. रस्त्याला मात्र ते कुणी कळवलंच नाही. तीन-साडेतीन दशकं तो तसाच राहिला. आमच्या पिढीत मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना हा रस्ताही दाखवायची पद्धत होती. त्यात जादू काही नव्हती. डांबराचा वैरी पाणी. ते खडीच्या आणि डांबराच्या मध्ये शिरतं आणि दोघांची फारकत करून देतं. म्हणून रस्ता मधोमध किंचित फुगीर हवा, पाणी कडेला जायला हवं आणि कडेच्या गटाराने ते पुढे न्यायला हवं. बाकी सगळी प्रामाणिकपणाची बाब. अर्थात त्याच रस्त्याच्या कडेला पाताळेश्वराची लेणी आहेत. राष्ट्रकूटांच्या काळात अखंड खडकात कोरलेली, बाराशेच्या आसपास पावसाळे खाल्लेली. शेजारी असा म्हातारा बसलेला असताना दहा वर्षांच्या हमीचं कौतुक किती करायचं, हा प्रश्नच आहे.

तरीही खड्डा नाही एवढ्यावर आम्ही खूश होतो, हे आता जरा गमतीचं वाटतं. कढईला भोक नाही म्हणून स्वयंपाकाला नावाजण्यासारखंच ते. रस्ता गाड्यांखेरीज आणखी कुणाचा असतो, हे २०१६ च्या सुमारास शहराने कागदावर घेतलं. पादचाऱ्यांसाठी धोरण झालं, रस्त्यांची रचना कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वं झाली, आणि जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद होऊ लागले. मोठ्ठा गहजब झाला. आधीच गर्दी, त्यात रस्ता अरुंद करताय? मीही त्या आरडाओरड्यात होतो. नसल्याचा आव आता आणत नाही.

इंजिनिअरांनी मला तेव्हा चहाच्या गाळणीवर गणित शिकवलं. वर कितीही ओता, चहा गाळणीच्याच वेगाने पडतो. रस्ता कुठे तीन गाड्यांचा, कुठे साडेचारांचा, कुठे पुन्हा तीनचा असेल, तर गाड्या तीनच्याच हिशेबाने धावतात. मधली फुगलेली जागा मिळते कुणाला? आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारींना आणि नारळपाण्याच्या गाडीला. म्हणून नवी रचना करणारे आधी सबंध रस्त्याची रुंदी एकसारखी करतात आणि उरलेली जागा चालणाऱ्याला देतात. तिथे मग बाक येतात, झाडाच्या बुंध्याला श्वास घ्यायला जागा मिळते. जंगली महाराज रस्त्यावर तर पोरांना खेळायलाही काहीबाही ठेवलं. पहिल्या दिवशी मी त्या बाकावर बसलो तेव्हा चोरून बसल्यासारखं वाटलं. पुण्यात काही विकत न घेता रस्त्यावर बसायचं, म्हणजे काय!

आमच्या घरचं परीक्षण मात्र गाळणीवर चालत नाही. ते हिच्या उजव्या गुडघ्यावर चालतं. पदपथाची कड किती उंच, हे हिला पट्टीशिवाय कळतं. पाय वर गेला आणि तोंडातून काही आलं नाही, तर ठीक. “आई गं” आलं, तर गेलं काम. यासाठी शास्त्रही आहे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून १९३४ पासूनची संस्था आहे (नावावरून भलतं समजू नका, ही निवडणूक लढवत नाही). तिचं म्हणणं, कड १५० मिलिमीटरहून उंच नको आणि चालायला १.८ मीटर तरी मोकळी वाट हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी अडत नाहीत. मी हे आकडे हिला वाचून दाखवले. “माझ्या गुडघ्याला विचारलं असतं तर एवढा अभ्यास कशाला लागला असता?” असं उत्तर आलं.

गाड्या अडवून काय साधतं, हे मी लक्ष्मी रस्त्यावर पाहिलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून तिथला एक पट्टा चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. माणसं पहिली पाच मिनिटं सवयीने कडेकडेनेच चालली. मग कुणीतरी मधे आलं, आणि सगळेच आले. खरं तर विसर्जनाच्या मिरवणुकीत हाच रस्ता रात्रभर माणसांचा असतो, तेव्हा कुठलं धोरण लागत नाही. ढोल मात्र लागतो.

तर यंदा आमच्या गल्लीचंही भाग्य उजळलं. नवा पदपथ झाला. लाल-करडे ब्लॉक, कड बेताची, रुंदी चांगली. इंजिनिअर टेप घेऊन आले, मापं घेतली आणि चक्क मान डोलावली. मी हिला मोठ्या दिमाखात बाहेर काढलं. ही चढली, “आई गं” नाही. दहा पावलं झाली आणि पदपथ खाली उतरला. समोर एका बंगल्याचं फाटक. मोटारीला आत जाताना धक्का नको, म्हणून पदपथच उताराचा करून रस्त्याच्या पातळीला आणलेला. फाटक संपलं, पुन्हा चढ. पुढे दुसरं फाटक. नकाशात हे कुणाला दिसलं नसणार. तिथे फाटक म्हणजे दोन बारीक रेघा. खरं म्हणजे पदपथ सरळ जायला हवा आणि चढायचं मोटारीने, असं इंजिनिअर मागून सांगत होते. आमच्या बाजूला नऊ फाटकं आहेत. नऊ उतार, नऊ चढ.

तिसऱ्या फाटकाशी ही थांबली.

“अहो, तुम्ही या वरून सावकाश. मी आपली खालच्या रस्त्याने जाते. कोपऱ्यावर भेटू.”

मी हट्टाने वरूनच गेलो. कोपऱ्यावर पोचलो, तेव्हा हिची भाजी घेऊन झाली होती.