चाकामागचे काका

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसात वाजता पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पाय दिसत होते. उरलेले काका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाआड होते. वॉचमनने आधी विचारलं, "काका, किल्ली पडली का?" मग दूध आणायला उतरलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं, मांजराचं पिल्लू अडकलं असणार. पावसाळ्यात पिल्लं टायरवर चढून बसतात हे खरंच आहे. त्या तशाच वर जाऊन बशीत दूध घेऊन आल्या. तेव्हा कुठे काकांनी डोकं बाहेर काढलं. कपाळावर लाल माती, हातात नातीची दुधाची बाटली धुवायचा जुना ब्रश.

"मडगार्ड धुतोय. आतून."

"आतून?" वहिनी म्हणाल्या आणि बशी घेऊन परत गेल्या.

आतून म्हणजे चाकावर जी अर्धगोल कमान असते, तिच्या पोटात. तिथे काळ्या प्लॅस्टिकचं लायनर क्लिपांनी बसवलेलं असतं. गाडी घेताना लोक डिकी उघडतात, म्युझिक सिस्टिम वाजवून बघतात, टायरला लाथसुद्धा मारून पाहतात. या कमानीत डोकावणारा माणूस मात्र शोधून सापडत नाही. कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं, तिला मडगार्डच नव्हतं. पुढे मडगार्ड आलं, माणसाच्या अंगावर उडायचा चिखल पत्र्याखाली साठू लागला आणि काकांना बँकेतून निवृत्त झाल्यावर पुरेल इतकं काम तयार झालं.

चिखल साठतो तोही काही हळुवारपणे नाही. लहान गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातं. गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असली, तर चाक सेकंदाला बारा फेरे मारतं आणि टायरवरून सुटलेला चिखल जवळपास त्याच वेगाने कमानीवर थापला जातो. भिंतीवर गोवऱ्या थापणाऱ्या बाईला इतका जोर लावता येणार नाही.

यंदा तर गाडी गौरी-गणपतीला अणुस्कुरा घाट उतरून राजापूरला जाऊन आली होती. राजापूर हे काकूंचं माहेर. तिथली माती जांभ्याची, आणि ती लाल दिसते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. थोडक्यात, दगडाला आलेला गंजच तो. असा गंज महिनाभर ओला होऊन पत्र्याला चिकटून बसला, तर पत्र्याने तरी किती दिवस सोवळं पाळायचं?

"अहो, तिथे कोण बघायला येणार आहे?" काकूंनी गॅलरीतून विचारलं.

"गंज येतो बघायला!"

काकांचं हे उत्तर तयार होतं, आणि ते बरोबरही होतं. मडगार्डच्या कडेला पत्रा आत दुमडलेला असतो. त्या दुमडीत माती बसते, माती पाणी धरून ठेवते आणि वरचा रंग एक दिवस फुगून येईपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे काम आणखी लवकर उरकतं.

काकांची पद्धत वर्षानुवर्षांच्या चुकांतून घडलेली आहे. आधी चाकं थंड हवीत, कारण तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी मारलं तर ती वाकडी होऊ शकते. मग सुकी माती लाकडी उलथन्याने खरवडायची. उलथनं स्वयंपाकघरातून आलं आहे, परत जाणार नाही. काकूंना ते ठाऊक आहे. स्टिअरिंग आधी पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे वळवायचं, म्हणजे पुढच्या कमानीचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. मागची चाकं वळतच नाहीत. तिथे हात घालावा लागतो, आणि त्याचसाठी तो बाटलीचा ब्रश. एक भाग क्लीनर, दहा भाग पाणी, दोन-तीन मिनिटांचा धीर, घासणं आणि मग पाइपने धुणं. जॅक लावून गाडीखाली शिरायचं नाही. हा नियम काकूंचा, आणि इथे मात्र काकांचं काही चालत नाही.

खरवडलेली माती वर्तमानपत्रावर पडत होती. अर्धी बादली निघाली. काका ती कचऱ्यात टाकायला निघाले, तेव्हा काकू पहिल्यांदाच खाली उतरल्या.

"टाकू नका. राजापूरची आहे."

माती तुळशीच्या कुंडीत गेली. साफसफाईला असलेला घरातला विरोध तिथे संपला.

राहिला प्रश्न चमकवण्याचा. धुतलेलं लायनर वाळलं की राखाडी, पिठूळ दिसतं. ते काळंभोर दिसावं म्हणून लोक त्यावर ड्रेसिंग लावतात. त्याने गंज थांबत नाही; हा निव्वळ नटण्यामुरडण्याचा भाग. दोन वर्षांपूर्वी काकांनी एका दुकानातून दाट, तेलकट पॉलिश आणून कमानीत सढळ हाताने फवारलं होतं. गाडी आरशासारखी झाली, आणि लगेच काका ती सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आले. तेलकट ड्रेसिंग वाळत नाही, चिकट राहतं. अनारसा खसखशीवर थापावा तशी रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर बसली. फवारा थोडा ब्रेकच्या डिस्कवरही गेला असावा, कारण उतारावर पेडल दाबल्यावर गाडीने क्षणभर विचार केला. तो क्षण काकूंनी अजून माफ केलेला नाही.

तेव्हापासून काका पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं पांढरं ड्रेसिंग वापरतात. ते वाळून कोरडं होतं, बोटाला लागत नाही. फवारायचंही नाही, काठीला जुना मोजा बांधून त्यावर घ्यायचं आणि पुसायचं. डिस्कवर थेंब नको, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तर मुळीच नको. भाच्याच्या नव्या गाडीला प्लॅस्टिकऐवजी जाड कापडी लायनर आहे. तिथेही काकांनी मोजा पुढे केला होता, पण कापडाला ड्रेसिंग लावलं की त्याच्या गुठळ्या होतात. भाच्याने काकांना चहाला वर नेलं आणि गाडीची किल्ली खिशात ठेवली.

दुपारी एकपर्यंत चारही कमानी काळ्याभोर झाल्या. काकांनी वॉचमनला टॉर्च देऊन आत बघायला लावलं. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पिल्लू नाय दिसत, काका."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर झेंडूचा हार चढला. सोसायटीतले सगळे येऊन गाडीचं कौतुक करून गेले. हार फार छान आहे म्हणाले.