एका ‘एक्स’चे मोल

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात झोनही दोनच, एक आणि दोन. तिथे आमच्या भाच्याने गेमिंगसाठी दोनच प्रोसेसरांवर पंधरा दिवस चिंतन केले, हे स्थानमाहात्म्याला साजेसेच.

रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्स. दोघांना सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल-३ कॅश, भूकही ६५ वॉटचीच. पत्रिका इतकी जुळते की सगोत्र ठरावेत. फरक फक्त वेगाचा : कमाल ४.४ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. ज्या वसाहतीत कोचिंग क्लासवाले एकेका गुणासाठी मुलांची वर्षे लावतात, तिथे या ०.२ चे मोल कळणारच. मुलीसाठी स्थळ बघतानाही आम्ही इतकी चौकशी केली नव्हती. घरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा. पण जे दिसत नाही त्यावरचीच श्रद्धा खरी. मुंजीच्या आमंत्रणात मुलाच्या नावापुढेही आता ‘एक्स’ छापावा.

अखेर ‘एक्स’ घरी आला. कुंकू लावले, नारळ फोडला, बटण दाबले. पडदा काळाच. अंगचे ग्राफिक्स दोघांतही नाही; आणि ग्राफिक्स कार्डाचा विषय पंधरा दिवसांत निघालाच नव्हता.

भाचा शांत आहे. म्हणतो, “मामा, ५६०० घेतला असता तर हाच अंधार हळू पडला असता.”