लेबल खरवडणारा

पन्नासच्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनचा साउंडवाला, म्हणजे रस्त्यावर स्पीकर लावून तबकड्या वाजवणारा, ओळखायचा तर त्याची नखं पाहावी लागत. त्यांत कागदाचा चुरा असे. अमेरिकेहून तबकडी आली की हा आधी लेबल खरवडे, ऐके नंतर. गायकाचं नाव साफ, गाण्याचं नाव साफ. मग बारसं स्वतः करी. कॉक्सन डॉड या साउंडवाल्याने विलिस जॅक्सनच्या एका सॅक्सोफोनवादनाचं नाव चक्क ‘कॉक्सन हॉप’ ठेवलं होतं! प्रतिस्पर्धी ड्यूक रीडने त्याचं मूळ अखेर हुडकलंच. हा ड्यूक माजी पोलीस आणि दारूच्या दुकानाचा धनी. तपास आणि तहान, दोन्हींतला जाणकार.

साउंडवाल्याला संगीताचं प्रेम असतं, पण त्याहून जास्त प्रेम असतं ‘शेजाऱ्याकडे नाही’ या गोष्टीचं. कपाटाएवढे स्पीकर रस्त्यावर मांडून तो उभा राहतो आणि पलीकडच्या गल्लीतली गर्दी आपल्याकडे सरकतेय का, एवढंच पाहतो. गर्दी आली की बिअर खपते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून त्याच्या पसंतीचा माल येईनासा झाला, तेव्हा त्याने स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. स्का, रॉकस्टेडी, रेगे ही सगळी पुढची वंशावळ या हेव्यातून वाढली, असं माझं मत आहे. संगीताचे अभ्यासक हे जरा सभ्य शब्दांत सांगतात.

मग साठच्या दशकाच्या शेवटी खरी गंमत झाली. स्पॅनिश टाउनचा साउंडवाला रडी रेडवूड याच्यासाठी ‘पॅरागॉन्स’ या गायकगटाचं एक गाणं तबकडीवर कापताना गायकांचा आवाज घ्यायचाच राहून गेला. दुसरा कुणी असता तर त्याने पैसे परत मागितले असते. साउंडवाल्याने ती चूक रात्री वाजवली, लोक स्वतःच गायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गायकाविना गाणं हवं झालं. त्याला ‘व्हर्जन’ म्हणू लागले. गायकांना काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही.

किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने तर गाण्याचं इंजिनच उघडलं. चार ट्रॅकच्या मिक्सरवर बसून तो गिटार काढी, ड्रम ठेवी, एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देई. मागे उरे ती बेसची धडधड. हाच डब. गाण्यातल्या त्या मोकळ्या जागेत यू-रॉय माइक घेऊन बोले, आणि बोलणाराच स्टार झाला.

मग साउंडवाला टबीच्या दारात रांगेत उभा राहिला. त्याला फक्त त्याच्यासाठी कापलेली एकुलती एक डबप्लेट हवी होती. तिच्यावर छापील लेबलच नसे, त्यामुळे नखांना काम उरलं नाही. पण तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवरचा लॅकरचा थर फार मऊ: पाचपन्नास वेळा सुई फिरली की आवाज घासून जातो. आणि हा ती रोज रात्री वाजवी.