जरा इको वाढव रे

आमच्या भागात गाणाऱ्याची पारख गळ्यावरून होत नाही, इकोवरून होते. सप्ताहात कीर्तनकार महाराज उभे राहतात, उपरणं सारखं करतात आणि पहिला अभंग घ्यायच्या आधी साउंडवाल्याकडे बघून तर्जनी हवेत फिरवतात. या खुणेचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. साउंडवाला मिक्सरचं एक बटण पिळतो आणि ‘रामकृष्णहरी’तलं ‘हरी-हरी-हरी’ थेट कुंभार पिंपळगावच्या दिशेनं निघतं. ज्यांचा आवाज मागे जास्त रेंगाळतो त्या महाराजांची बिदागीही जास्त असते, असा माझा जुना संशय आहे.

अशा वातावरणात आमच्या भजनी मंडळानं मनाचे श्लोक रेकॉर्ड करायचं ठरवलं. आमचं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला तो इथेच. तेव्हा मनाचे श्लोक आम्ही नाही म्हणायचे तर कोणी? एकूण २०५ श्लोक, आणि एकही गाळायचा नाही हा आण्णांचा हुकूम. आण्णा आमचे पखवाजी. मी पेटी वाजवतो. रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं त्याचं कारण मात्र पेटी नव्हे. मंडळात माईक, लॅपटॉप आणि रिकामा वेळ या तिन्ही गोष्टी एकाच घरात असलेला माणूस मी एकटाच.

जागा ठरली आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीची, जिथे एरवी कापूस भरून ठेवतात. खाली शहाबादी फरशी, चार उघड्या भिंती, वर पत्रे. टाळी वाजवली की ‘खण्ण्’ असा आवाज यायचा आणि दोन भिंतींमध्ये बराच वेळ भांडत बसायचा. मग आईच्या पेटाऱ्यातल्या गोधड्या दोरीवर टांगल्या. ‘लग्न हाय का घरात?’ एवढंच ती म्हणाली.

या गोधड्यांना मोठी परंपरा आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचा एक नवा व्याख्यानकक्ष असा बांधला गेला की प्राध्यापकांचं बोलणं कोणालाच कळेना. उच्चारलेला शब्द पाच-साडेपाच सेकंद हवेत राही, तोवर पुढचे डझनभर शब्द त्याच्यावर येऊन पडत. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो मध्यरात्रीनंतर उचलून आणायचा, कक्षात मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि उजाडायच्या आत जागेवर ठेवायचा. कोणत्या जागेत आवाज किती घुमेल याचं सूत्र त्यातून निघालं आणि आजही जगभर सभागृहं त्यावर बांधली जातात. मलाही रात्री निजानीज व्हायच्या आत गोधड्या उतरवाव्या लागत, फक्त सूत्र निघालं नाही.

रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता, आण्णांनी धुमेवर कणीक थापली तो ओला आवाजसुद्धा आला होता. मंडळाला ऐकवलं. खोलीत शांतता पसरली. मग आण्णा म्हणाले, ‘मेल्यावाणी येतोय रे आवाज. इको कुठाय?’

इको वेगळा आणि रिव्हर्ब वेगळा, हे मी समजावून पाहिलं. इकोत शब्द फिरून ऐकू येतो. रिव्हर्बमध्ये भिंती, छत, फरशी, खांब यांवरून परतलेले असंख्य आवाज इतके दाट मिसळतात की वेगळा शब्द हाती लागत नाही, नुसती जागा ऐकू येते. आण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ‘म्हंजे इकोच की,’ ते म्हणाले.

तर आता स्वस्तातला रिव्हर्ब शोधणं आलं. पूर्वीच्या लोकांना हे किती सोपं होतं! १९४७ साली शिकागोत बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या माऊथऑर्गनवाल्यांचं गाणं मुद्रित करताना स्टुडिओतलं स्वच्छतागृहच कामाला लावलं. आत स्पीकर, आत माईक, फरशीवरून घुमलेला आवाज थेट तबकडीवर. तबकडी तुफान खपली. आमच्या न्हाणीघरात हाच प्रयोग केला असता, पण तिथं चूल, बंब आणि शेणाच्या गोवऱ्या एवढं सामान आहे की आवाजाला उभं राहायला जागा नाही.

१९५७ मध्ये जर्मनांनी ईएमटी १४० हे यंत्र काढलं. चौकटीत स्प्रिंगांनी ताणलेला पोलादी पत्रा; एके ठिकाणी तो आवाजानं थरथरवायचा, दुसरीकडे ती थरथर टिपायची. वजन सुमारे २७० किलो. हे ऐकून मंडळात प्रथमच चैतन्य आलं, कारण आमच्या जालना जिल्ह्यात माणूस कशालाही कमी पडेल, पोलादाला पडणार नाही. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलांतली सळई सगळीकडे जाते. ‘पत्रा मी आणतो,’ असं एकानं जाहीरही केलं. ‘आपल्या डोक्यावर पत्राच हाय की,’ टाळकरी मामा म्हणाले, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांना खोडून काढणं मला जमलं नाही.

आज हा पत्रा, ते न्हाणीघर, ती सभागृहं, सगळं लॅपटॉपात मावतं. रिव्हर्बची सॉफ्टवेअरं दोन जातींची. एक गणिती. बेल लॅबमधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याचा पाया घातला आणि पुढे जेझर या टोपणनावाच्या कोणा भल्या माणसानं ‘फ्रीव्हर्ब’ लिहून फुकट वाटलं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरातला रिव्हर्ब त्याच घराण्यातला आहे. दुसरी जात खऱ्या जागेचा ठसा घेणारी, तिच्याकडे येतोच.

फुकट मिळतंय म्हटल्यावर मी ढीगभर उतरवून घेतली. दासबोधात मूर्खलक्षणांचा स्वतंत्र समास आहे. त्यात हे लक्षण नाही याचं कारण एवढंच की तेव्हा इंटरनेट नव्हतं. प्रत्येकात तयार जागांची यादी असते, आणि तिथे सगळा गोऱ्यांचा कारभार. कॅथेड्रल, चॅपल, चेंबर, कॉन्सर्ट हॉल. एकातही ‘सभामंडप, मध्यम’ नाही, ‘देवडी’ नाही, ‘पार, पिंपळासह’ तर नाहीच. व्हल्हाला कंपनीचं सुपरमॅसिव्ह फुकट आहे म्हणून लावलं, तर त्यात हायड्रा, अँड्रोमेडा अशी नावं. आण्णांची एक थाप अंतराळात गेली ती पुढचा श्लोक संपेपर्यंत परत आली नाही. त्याच कंपनीचं व्हल्हाला रूम मात्र फार गोड. किंमत ५० डॉलर, म्हणजे चार हजारांच्या वर. कापूस सात हजारांनी धरला तर अर्ध्या क्विंटलाहून जास्त. बाकीच्या कंपन्या नोव्हेंबरात सेल लावतात, नेमका वेचणीच्या दिवसांत, जेव्हा शेतकऱ्याचा कापूस घरात असतो आणि पैसा नसतो. ही कंपनी तर सेलही लावत नाही. एकच भाव, घासाघीस नाही.

मग मनात आलं, जागा विकत कशाला घ्यायची? दुसऱ्या जातीचं सॉफ्टवेअर, कन्व्होल्यूशन म्हणतात ते, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच असतं आणि रीपर ६० दिवस फुकट वापरायला मिळतं. त्याला फक्त जागेचा ठसा लागतो. हव्या त्या ठिकाणी फुगा फोडायचा, त्याचा आवाज विरेपर्यंत रेकॉर्ड करायचा आणि ती फाइल त्यात टाकायची. मग तुमची पेटी त्या जागेत वाजू लागते. मंदिरात फुगा फोडण्याची परवानगी मागायचं धैर्य मला नव्हतं. आमच्या शेतात आठ परस खोल, दगडी बांधकामाची विहीर आहे. चैत्रात पाणी तळाला गेलेलं. पुतण्यानं जत्रेतला फुगा फुगवला, मी दोरीला बांधून माईक आत सोडला.

फुगा फुटला. विहीर अशी गंभीर बोलली की अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी कपारीतले सगळे पारवे एकदम उडाले.

कन्व्होल्यूशनचा नियम असा की ठशात जे असेल ते प्रत्येक आवाजाला चिकटतं. पखवाजावर एक ‘धा’ पडला की मागून फड-फड-फड. पेटीचा एक सूर, की फडफड. टाळ सुरू झाले तेव्हा तर जिल्ह्यातले झाडून सारे पारवे आमच्या भजनात सामील झाल्यासारखं वाटलं. आण्णांनी डोळे मिटून ऐकलं. ‘घुमतंय झकास,’ ते म्हणाले, ‘पण मधूनमधून सतरंजी कोण झटकायलंय?’

पुढे पारवे झोपल्यावर रात्री फुगा फोडला, तर रातकिडे आले. पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा पाणी बरंच वर चढलेलं, आणि तीच विहीर आता मोठ्या सभागृहाऐवजी लहानशा खोलीसारखी वाजत होती. ज्याच्या आवाजाची लांबी पावसावर ठरते असा रिव्हर्ब मराठवाड्यात ठेवून उपयोग नाही.

शेवटी ड्रॅगनफ्लाय घेतलं. फुकट, मुक्तस्रोत, जुन्या लॅपटॉपला झेपणारं, त्यात हॉल, प्लेट, रूम असे वेगवेगळे नग. त्यातलं रूम. प्रत्येक वाद्याला वेगळं न लावता एकच लावून सगळी वाद्यं थोडीथोडी त्यात सोडली, म्हणजे सगळे एकाच सतरंजीवर बसल्यासारखे वाटतात. स्वस्त रिव्हर्बची परीक्षा टाळांवर होते. हलकं असेल तर टाळाची किणकिण पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी येते, म्हणून घुमणाऱ्या आवाजाचा वरचा झगमगाट छाटला. पखवाजाच्या धुमेचा खर्ज घुमू दिला तर सगळा चिखल होतो, म्हणून २०० हर्ट्‌झच्या खालचं रिव्हर्बला दिलंच नाही. आणि प्री-डिले, म्हणजे घुमणं सुरू होण्याआधीची उसंत, २० मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज जवळपास सात मीटर जातो. म्हणजे आधी शब्द कानावर पडतो आणि मग भिंतीचं म्हणणं ऐकू येतं.

राहिला प्रश्न, रिव्हर्ब किती सेकंदांचा ठेवायचा. मी एक-सव्वा म्हणत होतो, मंडळ चारावर अडून बसलं होतं. तेव्हा मी गावचाच दाखला काढला. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे: बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि तो मांडवातून पळाला, तो समर्थ होऊनच. ‘आण्णा,’ मी म्हणालो, ‘त्या मांडवात चार सेकंदांचा इको असता तर पोराला काय ऐकू आलं असतं? धान, धान, धान. त्याला वाटलं असतं, आहेरात धान्य आलंय. उभा राहिला असता गप, लागलं असतं लग्न. मग कुठला दासबोध आणि कुठले २०५ श्लोक?’

आण्णा बराच वेळ गप्प होते. ‘दीड कर,’ शेवटी म्हणाले.

दीडवर मिटलं. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. त्यासाठी मंडळानं काढलेल्या वर्गणीतून आण्णांच्या पखवाजाला नवी पुडी बसवली आणि माझ्या पेटीचे दोन बेसूर स्वर लावून घेतले. रेकॉर्डिंगमध्ये जो फरक पडला तो त्यानं पडला. तेव्हा ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी पैसे याच क्रमानं घालावेत: आधी वाद्य, मग गोधड्या, रिव्हर्बला उरले तर उरले. आणि किती ठेवायचा ते भारी हेडफोन लावून ठरवू नका, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ठरवा. गाव तिथेच ऐकणार आहे, तेही व्हॉट्सअपवर आलेलं आणि बहुधा मोटारसायकलवरून जाताना.