द्राक्षाचार्य

द्राक्षाचार्य दारू पीत नाहीत. ते वाइनचा अभ्यास करतात. हा फरक ज्याला कळला नाही त्याने त्यांच्या सहलीला जाऊ नये. आणि फरक कळूनही जो हसला, त्याची रवानगी गाडीच्या शेवटच्या सीटवर, पाण्याच्या कॅनशेजारी होते.

ट्रॉम्बेच्या टेकडीखाली ही जात विशेष फोफावते. देशातली पहिली अणुभट्टी, 'अप्सरा', १९५६ साली जिथे सुरू झाली, तिथल्या वस्तीला मोजमापाचं वेड लागलं तर नवल नाही. आमच्याकडचा माणूस 'ताप आहे' म्हणून थांबत नाही; किती आहे, कधी मोजला आणि थर्मामीटर कोणता हेही सांगतो. आचार्य याच वस्तीतले. अणुशक्तीनगरात क्वार्टर, निवृत्ती दोन-तीन वर्षांवर, अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. निळं निरीक्षणांसाठी, लाल निष्कर्षांसाठी. वाइनचा स्वतःचा ग्लास ते टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून नेतात. लोकांच्या ग्लासांवर त्यांचा विश्वास नाही.

ते ज्या घरात वाढले, तिथे 'तो घेतो' हे वाक्य दार लावून उच्चारलं जाई. अशा घरातल्या मुलाला मौज करायची झालीच, तर तिला आधी अभ्यासाचं सोवळं नेसवावं लागतं. आचार्य पत्ते खेळायला शिकले ते ब्रिजचं पुस्तक वाचून. अजिंठ्याला गेले ते वहीत टिपणं घेऊन. मग पन्नाशीला टेकल्यावर कधीतरी वाइन चाखावीशी वाटली, तेव्हा बाटलीआधी घरात तीन ग्रंथ आले. वहिनींनी ते पुसून टीव्हीखाली ठेवले आणि विचारलं, "अहो, हे सगळं वाचून झाल्यावर पिणार, की मधे मधे?"

जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. तो निर्णय पुढे कागदावरच राहिला, पण आचार्यांकडे त्या वादाची कात्रणं दोन्ही बाजूंची, तारखेवार लावलेली आहेत. त्यांचं स्वतःचं मत विचारलं तर ते म्हणतात, "प्रश्न चुकीचा मांडलाय. आधी टक्केवारी बोला." वाइनमध्ये अल्कोहोल साधारण बारा ते चौदा टक्के. हा आकडा त्यांनी उच्चारला की चर्चा संपली असं त्यांना वाटतं. वहिनी एवढंच म्हणतात, "बारा टक्के व्याज कुणी दिलं तर ते थोडं वाटेल का तुम्हाला?"

नाशिकला जायचं ठरलं ते फेब्रुवारीत. आचार्यांनी ग्रुपवर परिपत्रक टाकलं : 'द्राक्षवाइन अभ्यास दौरा'. सोबत वेळापत्रक, वाचनासाठी चार पानं आणि सूचना : दौऱ्याच्या दिवशी अत्तर, सेंट, मोगऱ्याचा गजरा वर्ज्य, वास घेण्यात अडथळा येतो. पुढची सूचना परवान्याची. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतो, १९४९ च्या. यातला विनोद आम्हाला दिसला. आचार्यांना फक्त कलम दिसलं. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजन्म अशा परवान्यांपैकी त्यांच्याकडे तिसरा आहे, लॅमिनेशन केलेला. आमच्यापैकी प्रत्येकाकडून त्यांनी एक दिवसाचा काढवून घेतला. कॉलनीतल्या एका सज्जनाने "सहा तासांचा नाही का मिळत?" असं विचारलं, तर त्याला लेखी उत्तर आलं.

पहाटे मानखुर्दहून गाडी सुटली. घाटकोपरचा लिंक रोड, पूर्व द्रुतगती मार्ग, ठाणं, भिवंडी बायपास एवढं होईपर्यंत आचार्य गप्प होते. शहापूर सुटलं आणि त्यांनी वही उघडली. १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला फसफसणारी वाइन बनवून परदेशात पाठवली, इथून सुरुवात. मग अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून आलेले राजीव सामंत. त्यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत आधी आंबा वगैरे करून पाहिला, १९९७ च्या सुमारास वाइनची द्राक्षं लावली, २००० साली पहिल्या बाटल्या काढल्या आणि आई सुलभा यांच्या नावावरून 'सुला' नाव दिलं. इथे मागच्या सीटवरून आवाज आला, "आईचं नाव दारूला?" आचार्यांनी वही मिटली. "वाइनला," ते म्हणाले आणि कसारा घाट संपेपर्यंत बोलले नाहीत. २००१ चं राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण त्यामुळे इगतपुरीनंतर सांगून झालं.

नाशिकात शिरल्यावर खरा पेच आला तो मिसळीचा. नाशिकला जाऊन मिसळ न खाणं म्हणजे नाशिकचा अपमान. आणि वाइनच्या आधी तर्री खाणं म्हणजे आचार्यांचा. "जीभ भाजलीत की संपलं," ते कळवळून म्हणाले. "पुढचे तीन तास तुम्हाला शिराझ आणि रस्सा यांत फरक कळणार नाही." आम्ही चुलीवरची मिसळ मागवली, वर पापड, वर जिलबी. आचार्यांनी कोरा पाव दुधात बुडवून खाल्ला. त्यांच्या चेहऱ्यावर उपवासाचं तेज होतं. वहिनींनी मात्र रस्सा दुसऱ्यांदा घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, यांचा अभ्यास, आमची परीक्षा."

वायनरीत पाऊल टाकल्यावर आचार्यांचं रूपच पालटलं. आम्हाला वाटलं होतं ते द्राक्षांच्या मांडवाकडे बघून हरखतील. ते हरखले स्टीलच्या टाक्यांकडे बघून. उंचच उंच टाक्या, त्यांना गार ठेवणारी दुहेरी भिंत, व्हॉल्व्ह, दाब दाखवणारे काटे. "अरे, हे तर आपलं प्लांट!" ते जवळजवळ ओरडलेच. माहिती सांगणारी मुलगी तेविसेक वर्षांची होती. द्राक्षातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल कसं करतं, पांढऱ्या वाइनसाठी रस सालीवरून लगेच का काढतात, लाल वाइन सालीसकट आंबवल्यामुळे तिला रंग आणि तुरटपणा कसा येतो, हे ती छान सांगत होती. आचार्यांनी विचारलं, "यीस्टची जात कोणती? टाकीचं स्टील कुठल्या ग्रेडचं? वेल्डिंग तपासता का?" मुलीने पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याला चौकशी करून आली, तिसऱ्याला हसली. आचार्यांनी एका काट्यावरचा आकडा वेळेसकट वहीत उतरवला. त्या आकड्याचं पुढे काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण काटा दिसला आणि नोंद केली नाही, असं त्यांच्या हातून झालेलं नाही.

मग चाखणं. प्रत्येकाच्या ग्लासात दोन-तीन घोट. आचार्यांनी दांडा धरून ग्लास तिरपा केला, रंग पांढऱ्या रुमालापुढे पाहिला, ग्लास फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले. सोव्हिन्यों ब्लांक होती.

"ढोबळी मिरची," आचार्य म्हणाले. "पेरू. नुकतंच कापलेलं गवत."

"मला वाइनचा वास येतोय," आमच्यातला एक जण म्हणाला.

"तो असणारच. त्याच्या मागे बघ."

तो बराच वेळ मागे बघत राहिला. त्याच्या मागे एक कुटुंब सेल्फी काढत होतं.

मग आचार्यांनी घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला. टेबलावर शांतता पसरली. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकणं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. जगभरचे परीक्षक असंच करतात, दिवसाला पन्नास-पन्नास वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल, हे त्यांनी समजावलं. "तुम्हाला सहाच चाखायच्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "आणि घरी ताकाचा पेला धुऊन पिता." सोबत चीज आलं होतं, तेही आचार्यांनी परत सारलं आणि पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढले. टॅग-२४. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून तयार केलेलं वाण. आमच्या वस्तीचं शेतीला दिलेलं देणं. चकणा म्हणूनही त्याची शास्त्रीय पार्श्वभूमी चोख आहे, हे त्यांनी शेजारच्या टेबलालाही सांगितलं. शेजारच्या टेबलाने मूठभर घेतले.

दुसऱ्या मुक्कामाआधी दौऱ्यात बंडाळी होता होता राहिली. आचार्यांना लासलगावला वाकडी वाट करायची होती. तिथे त्यांच्या केंद्राने २००२ मध्ये सुरू केलेला 'कृषक' प्रकल्प आहे. कांद्याला मोड येऊ नये म्हणून त्याला विकिरण देतात. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूसही तिथून गेलेला आहे. आम्ही मतदान घेतलं. कांदा एका मताविरुद्ध पडला.

दुसरी वायनरी यॉर्क. हे इंग्लंडातलं यॉर्क नव्हे, मालकांच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं आहेत, ही माहिती आचार्यांनी आम्ही पाटी वाचायच्या आत दिली. तिथल्या गच्चीवरून पाणी दिसतं, वारा येतो. साधा माणूस तिथे गप्प बसून पिईल. आचार्यांनी बोर्दोचा प्रयोग सांगायला घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. "म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही," आचार्य म्हणाले आणि वहिनींच्या ओढणीने स्वतःचे डोळे बांधून घेतले. आम्ही ग्लास द्यायचे, त्यांनी वीसपैकी गुण.

ग्लास भरायचं काम वहिनींकडे होतं. दुसरा आणि पाचवा ग्लास त्यांनी एकाच बाटलीतून भरला. दुसऱ्याला आचार्यांनी सतरा गुण दिले : "बांधा उत्तम, शेवट लांब." पाचव्याला बारा : "उथळ आहे. घाईत केलेली वाटते." ओढणी सोडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा आम्हाला त्यांचा चेहरा बघायचा होता. चेहरा फुलला. "वा! म्हणजे एकाच नमुन्याची दोन रीडिंग्ज मिळाली!" त्यांनी सरासरी काढली, साडेचौदा, आणि पुढे लाल पेनाने 'अधिक-उणे अडीच' लिहिलं. "एका रीडिंगवर विश्वास ठेवणारे लोक मला आवडत नाहीत," ते म्हणाले. या माणसाला हरवायचा बेत आम्ही तिथेच सोडून दिला.

ते दिवसभरात एकदाच गप्प बसले, ते ड्रायव्हरदादांपुढे. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो, तेव्हा दादांनी सहज सांगितलं की त्यांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. मग एप्रिलची खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरची गोडी छाटणी, ती मालासाठी. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरात काढतात. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून त्याला कात्रीने वेळ शिकवायची आणि पावसाच्या तावडीतून सोडवून जानेवारी ते मार्चमध्ये माल घ्यायचा. खायच्या द्राक्षाला मणी मोठा, साल पातळ, बी नको. वाइनच्या द्राक्षाला मणी बारीक, साल जाड, बी हवं. "एक बेमोसमी पाऊस आला ना साहेब, की मणी तडकतो. मग सतराही नाही आणि बाराही नाही." आचार्यांच्या हातातलं निळं पेन थांबत नव्हतं. शेवटी त्यांनी आदराने विचारलं, "दादा, तुम्हाला यातली कोणती आवडते?"

"मी माळकरी आहे साहेब," दादा म्हणाले. "आपल्याला चहा."

कसाऱ्याच्या उतारावर वहिनींनी तोच प्रश्न नवऱ्याला विचारला. आचार्यांनी वही चाळली. आम्लता, तुरटपणा, रंग, वास, शेवट, सरासरी, सगळं होतं. आवडीचा रकाना आखायचा राहिला होता. "तुला?" त्यांनी उलट विचारलं. "ती शेवटची गोड," वहिनी झटकन म्हणाल्या. "उशिरा काढलेल्या द्राक्षांची. बासुंदीच्या वेळी बरी." आचार्यांनी तेवढ्यात 'शेनिन ब्लांक, उशिराची तोडणी' असं लिहून पुढे 'ग्राहक-प्रतिक्रिया' म्हणून नोंद केली.

घरी आणलेली पांढरी वाइन त्यांनी कपाटात आडवी ठेवली, शेजारी थर्मामीटर. योग्य तापमान आणि योग्य प्रसंग एकत्र यायची ते वाट बघत राहिले. अशा वाइन ताज्याच प्यायच्या असतात, हे त्यांच्याच ग्रंथात आहे. वहिनींनी ते टीव्हीखालून काढून वाचलं, कोळीवाड्यातून बोंबील आणले, शेजारणींना बोलावलं आणि बाटली संपवली. संध्याकाळी आचार्य बाटलीच्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "किती डिग्रीला उघडलीत?"

आम्ही त्यांना हसतो. पण खरं तर आमचं सगळ्यांचं त्यांच्यावाचून अडतं. 'मित्रांबरोबर प्यायला चाललोय' हे वाक्य घरी म्हातारी माणसं असताना आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नसतं. 'आचार्यांबरोबर नाशिकला, अभ्यासाला' हे सगळ्यांच्या तोंडून निघालं, आणि म्हाताऱ्या माणसांनी वाटेत खायला दशम्या करून दिल्या.

पुढचा दौरा गोव्याला, काजूच्या फेणीचा. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे विषयाचं गांभीर्य वादातीत आहे, असं परिपत्रकात म्हटलंय. या वेळी मोठी बस करावी लागणार. आपल्या कॉलनीत इतकी अभ्यासू माणसं राहतात, हे आम्हालाही आत्ताच कळतंय.