जीर्णोद्धार

अंबरनाथचे शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवालय पुरातत्त्व खात्याने जतन केले, हे योग्यच झाले. परंतु त्याच रेल्वेमार्गावर पुढे, बदलापूरच्या कुळगावात, एका प्रतिष्ठित पेढीचे संकेतस्थळ कोणत्याही सरकारी तनख्यावाचून, केवळ मालकांच्या निग्रहाने तितक्याच अविकृत स्थितीत टिकून असता त्याची दखल कोणी घेऊ नये, हे खेदजनक होय. २०१७ साली जीएसटी आला, तरी तेथील दरपत्रकात व्हॅट अद्याप सुखाने नांदतो, २०२० अखेरीस फ्लॅशने देह ठेवला, तरी त्याची रिकामी चौकट दर्शनी भागी श्रद्धेने राखलेली आहे, आणि ‘नवीन!’ ही तांबडी अक्षरे तर नंदादीपाच्या निष्ठेने अहोरात्र लुकलुकतात. घोडे बदलण्याचे ठाणे म्हणून बदलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. त्या भूमीत घोडा न बदलण्याचा हा बाणा अधिकच स्पृहणीय. तथापि कालमानाप्रमाणे किंचित फेरफार व्हावा, असा अर्ज मी अदबीने गुदरला. मालकांनी तो मुनीमजींमार्फत दाखल करून घेतला, तीन बैठकी भरवल्या, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर नूतनीकरण यथासांग पार पडले: ‘नवीन!’च्या शेजारी आता दुसरे ‘नवीन!’ लुकलुकते.